घरून आणलेलं वाक्य

पोलादपूर, ३ जुलै

दादा,

साष्टांग नमस्कार लिहिण्याइतकं नातं उरलं आहे का, मला माहीत नाही. म्हणून नुसतं दादा.

फोन तू उचलत नाहीस. हे पत्र अंकिताच्या इंग्रजीच्या वहीत ठेवून पाठवते आहे. न वाचता चुलीत घातलंस तरी तिला बोलू नकोस. "बाबांना दे" एवढंच मी तिला सांगितलं आहे.

वाडीच्या मागे, सड्याच्या कातळाखाली, जमिनीला भेग पडली आहे. हे तुला माहीत आहे. मला कसं कळलं ते सांगते.

नववीच्या मुलांना मी रोज एक वाक्य घरून आणायला सांगते. पुस्तकातलं नको. घरात कोणी खरंच बोललेलं, नाहीतर स्वतः पाहिलेलं. ते इंग्रजीत करून वहीत लिहायचं. मुलांना वाटतं, इंग्रजीचे साचे परक्या घरचे आहेत, तिथे आपण चपला काढून उभं राहायचं. आपल्या घरचं वाक्य त्यात बसलं की भीती जाते. एकाने "म्हैस पान्हा चोरतेय" हे आणलं. त्याचं इंग्रजी ऐकून वर्ग हसला, पण चालू वर्तमानकाळ नंतर कोणी विसरलं नाही.

तुझ्या मुलीने त्याच काळात लिहिलं: द हिल इज मेकिंग साऊंड. डोंगर आवाज करतो आहे. करतो, नव्हे. करतो आहे. पहिलं नेहमीचं. दुसरं आत्ताचं, चाललेलं, न संपलेलं.

दुसरं वाक्य: कोंबड्या परसात जात नाहीत.

तिसरं: आमच्या विहिरीचं पाणी गढूळ झालं आहे. इंग्रजीत यासाठी वेगळा साचा आहे. गोष्ट घडून गेली, पण तिचं केलेलं अजून समोर आहे, अशा वेळी तो वापरतात. तू रोज ते पाणी शेंदतोस. मला तुला वेगळं काय सांगायचं आहे.

मी अंकिताला विचारलं, तेव्हा तिने भेगेचं सांगितलं. मला हे कळलं आणि मी लगेच लिहायला बसले.

लावणी अर्धी झाली असेल. अशा वेळी शेत सोडून या म्हणणं म्हणजे काय, ते मी त्या घरात वाढले म्हणून मला कळतं. तरी सांगते. बुद्धरत्न सर, आमचे मुख्याध्यापक, तीन वर्ग मोकळे करून द्यायला तयार आहेत. चौदा घरं त्यांत मावतील. देवाचा मान तुझ्याकडे आहे. तू निघालास तर वाडी निघेल. तू बसलास तर कोणी हलणार नाही.

मागच्या वेळेचं मी विसरलेले नाही. त्याबद्दल नंतर लिहीन. आधी खाली या.

अनुपमा


७ जुलै

दादा,

तुझं उत्तर मिळालं. शुक्रवारी अंकिताच्या वहीत होतं: बाबांनी मला डोंगराविषयी लिहू नको असं सांगितलं.

एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून सांगायचा हा साचा मी अजून शिकवलेला नाही. तो दिवाळीनंतर येतो. तिला गरज पडली, तिने तो मागच्या पानांतून शोधून काढला. एक चूक नव्हती.

शनिवारचं वाक्य तिने वर्गात उभं राहून वाचलं: बाबा म्हणतात, जे राहायला बाजारात गेले त्यांनी आमच्या कोंबड्या मोजू नयेत.

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "कोण गो त्ये बाजारात गेलेलं?"

अंकिता माझ्याकडे बघून खाली बसली. वर्ग हसला. मीही हसले. तीन वर्षांनी तुझा आवाज ऐकला, तोही इंग्रजीत.

तहसील कचेरीतून दोघं वर येऊन गेले, त्यांनी फोटो काढले आणि नोटीस देवळाच्या भिंतीला लावली, हे तिने लिहिलं नाही. हे मला कचेरीतूनच कळलं. मी तिथे गेले होते. नोटिशीत आहे: रहिवाशांचे तात्काळ स्थलांतर करण्यात यावे. कोणी करावं ते नाही. इंग्रजीतही हा साचा आहे, आणि मी तो शिकवताना सांगते की करणारा माहीत नसेल, किंवा सांगायचा नसेल, तेव्हा असं लिहावं. मी साहेबांना विचारलं, कोणी? ते म्हणाले, "मॅडम, मागच्या वेळी तुमच्याच शब्दावर आम्ही ट्रक पाठवले होते."

मी तिथून निघाले.

मागच्या वेळेचं नंतर लिहीन म्हटलं होतं. लिहिते.

तीन वर्षांपूर्वी, याच महिन्यात, मी कचेरीत जाऊन सांगितलं की वरची वाडी धोक्यात आहे. तुला विचारलं नाही. देवाला विचारू दिलं नाही. ट्रक आले, वाडी शाळेत आली. राबातली भाताची रोपं कुजली. आई नवव्या दिवशी पहाटे गेली, नववीच्या वर्गात, दोन बाक जोडून केलेल्या बिछान्यावर. दहाव्या दिवशी वाडी परत वर गेली. डोंगर होता तिथेच होता.

तेराव्याला मी आले तेव्हा तू मला पाट दिलास, ताट दिलंस. माझ्याकडे पाहिलं नाहीस.

त्या वेळी मी चुकले. म्हणून या वेळीही चुकते आहे, असं होत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे, आणि ते कोणत्याही भाषेत म्हटलं तरी कमकुवत वाटतं.

अनुपमा


११ जुलै

दादा,

डोंगराविषयी लिहू नको असं तू सांगितलंस. म्हणून तिने दोरीविषयी लिहिलं. रागावू नकोस. मुलगी तुझी आहे.

मंगळवारी: बाबांनी दोन खुंट्यांना दोरी बांधली आहे.

खुंट्या कुठे ठोकल्या ते तिने लिहिलं नाही. मला ते कळलं. भेगेच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला एक, आणि मधे ताणलेली दोरी. म्हणजे तूही बघतो आहेस. म्हणजे तुलाही झोप नाही.

काल: दोरी तुटली. बाबांनी पुन्हा बांधली. आईला सांगितलं नाही.

दादा, दोरी पुन्हा बांधून काय होणार आहे?

वहिनीला तू सांगितलं नाहीस, हे वाचून मला तुझ्यावर राग आला. मग मला माझं आठवलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की कळल्याबरोबर लिहायला बसले. तसं नाही. डोंगर आवाज करतो आहे, हे वाक्य १९ जूनचं आहे. त्याखाली माझी सही आहे. तिने 'साऊंड'च्या आधी एक बारका शब्द गाळला होता. तो मी लाल शाईने घातला आणि खाली 'गुड' लिहिलं. कोंबड्यांचं वाक्य २४ जूनचं. तिथे क्रियापदाला एक अक्षर कमी होतं. ते घातलं. पुन्हा 'गुड'.

रोज चाळीस वह्या असतात. मी क्रियापद बघते, काळ बघते, बारके शब्द बघते. वाक्य काय म्हणतं ते बघत नाही. मुलांनी खरं तेच लिहावं म्हणून मीच हा नियम केला आणि ती खरं लिहितात हे मीच विसरले.

१ जुलैला थांबले. तेही भेगेमुळे नाही. 'गढूळ'ला तिला इंग्रजी शब्द सापडला नव्हता, तिने तो मराठीतच लिहिला होता. मी शब्द शोधायला लागले. शब्द शोधताना मला आपली विहीर दिसली, तिची उजवीकडची पायरी, आई तिथे कळशी टेकवायची. तेव्हा मी मागची पानं उलटली.

बारा दिवस, दादा. बारा दिवस तुझी मुलगी मला सांगत होती आणि मी तिला शाबासकी देत होते.

हे तुला कळवायची गरज नव्हती. पण तुझ्याकडून खरं मागायचं आणि आपलं झाकायचं, हे जमत नाही. अजून एक आहे. ते आज लिहवत नाही.

अनुपमा


१५ जुलै

दादा,

तू रविवारी कौल लावलास.

काल मधल्या सुट्टीत अंकिता वही घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभी होती. वर्गात ती मला मॅडम म्हणते. दाराशी म्हणाली, "आत्या, आजचं वाक्य मोठ्यानं नाय वाचायचं."

पान तिने दुमडून आणलं होतं. दोन वाक्यं होती. उजवं फूल आधी पडलं. सगळ्यांना डावं पडलं असं सांगण्यात आलं.

कोणी सांगितलं, ते तिने लिहिलं नाही. तो साचा मी तिला गेल्या आठवड्यातच शिकवला.

"हे खरं आहे?" मी विचारलं.

"मी समई लावत होते. बाकी सगळी बाहेर ओट्यावर. बाबांनी फूल उचललं नि खिशात घातलं."

"तू त्यांना काही बोललीस?"

"नाय. वहीत लिवलं."

मग ती म्हणाली, "हे चूक दिलं तरी चालेल."

आपण लहान असताना बाबा कौल लावायचे तेव्हा दोघं खांबाआड उभे राहायचो. देवाच्या पाषाणाच्या दोन खांद्यांवर दोन फुलं पाण्याने चिकटवायची आणि वाट बघायची. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. एकदा बाबांना आंब्याच्या खालचं शेत घ्यायचं होतं, आणि डावं पडलं. ते बराच वेळ तिथेच बसले. मग बाहेर येऊन लोकांना सांगितलं, डावं. तू मला हळूच म्हणालास, कोण बघत होतं? उजवं सांगायचं. मी म्हणाले, देव बघत होता. तू म्हणालास, देव बोलतोय कुठं.

तेव्हा तू दहा वर्षांचा होतास.

आज सकाळी मला स्टँडवर मुरारीकाका भेटले. खताची पिशवी पायाशी घेऊन पायरीवर बसले होते.

"काय मास्तरीण, बरी हायस ना?"

"काका, वाडी कधी खाली येणार?"

"देव नाय म्हणतो. मग कुणाचं ऐकू, देवाचं का तुज्या कचेरीचं?" आणि हसून म्हणाले, "गेल्या टायमाला कचेरीचं ऐकलं, तर नऊ दिस नुसती खिचडी खाल्ली. माजं पोट अजून नाय सुधरलं."

मी तोंड उघडलं होतं. देव हो म्हणाला आहे, एवढंच सांगायचं होतं. संध्याकाळपर्यंत सगळी वाडी शाळेत आली असती. अंकिताही आली असती.

मी बोलले नाही. गाडी लागली, ते चढले.

का बोलले नाही ते सांगते. वाडी आली असती, पण तू आला नसतास. मी तुला ओळखते. पन्नास माणसांसमोर खोटा ठरलेला भागोजी त्या घरात एकटा बसून राहील, डोंगर अंगावर येईपर्यंत. आणि वहिनी तुला टाकून यायची नाही.

पण हे असं किती दिवस धरून ठेवू? दुपारपासून पाऊस वाढला आहे. आज रात्री काही झालं तर मी स्टँडवर गप्प बसले होते, हे मला कळत राहील. मला दोन दिवस दे. दोन दिवसांत तू स्वतः सांग. नाहीतर मी वर येईन आणि देवळात उभी राहून सांगेन. तू मला आयुष्यभर क्षमा करू नकोस, नाहीतरी करत नाहीसच.

ती मुलगी दोन्हीकडचे निरोप दप्तरात घालून रोज तो उतार चढते-उतरते. तिला सांभाळ.

अनुपमा


१७ जुलै

दादा,

आज अंकिता आली नाही. काल पण नाही. आंबेनळीकडे जाणाऱ्या गाड्या बंद आहेत. मी सकाळी निघाले होते, पोलिसांनी नाक्यावरून परत पाठवलं. हे पत्र जीपवाल्या भरतच्या हाती देते. तो म्हणतो, जीप ओढ्यापर्यंत जाईल, पुढे चालत येतो. भिजून येईल, त्याला चहा दे.

देवळात उभी राहून सांगेन, असं लिहिलं होतं. ती धमकी मी मागे घेते. मला आता धमकी द्यायची नाही. जे लिहवत नव्हतं ते लिहिते.

मागच्या वेळी पाचव्या दिवशी पाऊस उघडला. तू व्हरांड्याच्या पायरीवर बसला होतास. नववीचा वर्ग बायकांना दिला होता, गडी आत येत नसत. आत आई मला म्हणाली, "आवडे, भागोजीला सांग, मला पाठुंगळी घे नि वर ने. हितं जीव रमत नाय."

मी बाहेर आले. तू विचारलंस, काय म्हणते? मी म्हणाले, बरं वाटतंय तिला.

तुला सांगितलं असतं तर तू तिला त्याच पावली उचललं असतंस. तू गेलास की वाडी तुझ्या मागे गेली असती. डोंगर येणार याची मला खात्री होती. आणि आज हेही लिहिते, की तो यावा असं मला वाटत होतं. रिकाम्या घरांवर यावा. म्हणजे मी बरोबर ठरले असते, आणि तू सगळ्यांदेखत मला म्हणाला असतास, आवडे, वाचवलंस.

सहाव्या दिवशी आईने पुन्हा सांगितलं. मी म्हणाले, उद्या. सातव्या दिवशी म्हणाले, उद्या.

आठव्या दिवशी तिने विचारलं, "सांगितलंस काय त्याला?"

मी म्हणाले, सांगितलं.

"मग?"

मी म्हणाले, तो नाही म्हणतोय.

तिने गोधडी वर ओढली. मग म्हणाली, "असंल त्याचं काम."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तू मला तीनदा विचारलंस, शेवटी काय म्हणाली. मी तीनदा सांगितलं, काही नाही, झोपेत गेली.

आता तुला कळलं. ती तुझी वाट बघत गेली नाही, दादा. तू नाही म्हणालास असं समजून गेली. ते मी केलं.

पुढच्या महिन्यात मला वर्गाला एक साचा शिकवायचा आहे. असं झालं असतं तर तसं झालं असतं. वीस वर्षं शिकवते आहे. मी त्यांना सांगते की हे वाक्य घडून गेलेल्या गोष्टीविषयी असतं आणि त्याने काहीही बदलत नाही. बोर्डावर लिहायला सोपं आहे. यंदा त्याचं उदाहरण घरून आणा असं मी सांगणार नाही. अंकिताला तर नाहीच.

मी एक निरोप दाबून ठेवला. तू एक ठेवला आहेस. माझा ज्या माणसासाठी होता ते माणूस गेलं. तुझा ज्यांच्यासाठी आहे ती एक्कावन्न माणसं अजून वर आहेत, भात लावताहेत, तुझ्या शब्दावर बसून आहेत. तुला अजून सांगता येतं. मला आता येत नाही.

देवाने हो म्हटल्यावर तू फूल खिशात का घातलंस, ते मला कळतं. या वेळी मी बरोबर ठरले, तर मागच्या वेळची माझी चूक लोक विसरतील, आणि आई उगाच गेली हे तुझ्या एकट्यापाशी राहील. तसं होऊ देऊ नकोस. सगळ्यांना माझं हे पत्र वाचून दाखव. आईशी मी काय खोटं बोलले ते देवळात वाच. मला चालेल. माझ्यावर थुंकून वाडी खाली आली तरी चालेल.

मला शिक्षा करायला तरी खाली ये.

आवडी


१९ जुलै

दादा,

हे पत्र न्यायला कोणी नाही. तरी लिहिते.

भरत परवा अंधार पडता पडता परत आला. म्हणाला, पत्र तुझ्या हातात दिलं. तू उभ्यानेच वाचलंस. मग घडी घालून टोपीत ठेवलंस आणि त्याला म्हणालास, "च्या घेऊन जा." बाकी काही नाही. मी त्याला तीनदा विचारलं, चेहरा कसा होता. तो म्हणाला, "बाई, पावसात काय चेहरा दिसतोय."

त्याच्या मागे रस्त्याच्या मोरीवरून पाणी गेलं. वरचा फोन लागत नाही. कचेरीत सांगतात, रस्ता मोकळा झाला की माणसं पाठवू.

आज वर्गावर गेले. मुलांनी वाक्यं आणली होती. आईने पापड तळले. भाऊ मुंबईहून येणार होता, आला नाही. मी एकेक वाक्य दोनदा वाचलं. एका मुलाने लिहिलं होतं, आजोबा रात्रभर खोकतात. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टरांना दाखवलं का? तो घाबरला. त्याला वाटलं, वाक्य चुकलं.

अंकिताची जागा रिकामी आहे. तिच्या शेजारच्या मुलीने तिथे दप्तर ठेवलं होतं. मी ते उचलायला लावलं. उगाच.

आवडी


३० जुलै

दादा,

तुझ्या-माझ्यामध्ये आता एक दार आहे आणि मी तुला पत्र लिहिते आहे. लोक हसतील. हसू देत.

तुम्ही वीस तारखेला, मोरीवरचं पाणी ओसरल्यावर, आलात. वरून खाली तासभर चालत, कोंबड्या डालग्यात झाकून, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन. मी फाटकाशी उभी होते. अंकिता धावत आली आणि माझ्या अंगावर आपटली. तू माझ्याकडे न बघता आत गेलास.

देवळात काय झालं ते मुरारीकाकांनी सांगितलं. तू टोपी काढलीस, खिशातून सुकलेलं फूल काढून पाषाणापुढे ठेवलंस आणि म्हणालास, "उजवं पडलं व्हतं. मी लपवलं."  मग काका म्हणाले, "मग आता हितं काय करतोस? चल."

माझं पत्र तू तिथे वाचून दाखवलं नाहीस. मी काकांना विचारलं, त्याने आणखी काही सांगितलं का? ते म्हणाले, "आनखी काय सांगायचं व्हतं?"

आज दहा दिवस झाले. डोंगर उभा आहे. चोवीस तारखेला आपल्या मागच्या गोठ्याची भिंत बसली. कोणी म्हणतं सरकली, कोणी म्हणतं ती जुनीच होती. काका रोज सकाळी तोंड धुताना मला ऐकवतात, "मास्तरीण, तुजा डोंगर लय सवडीनं हाय गो." बायका आता माझ्याशी बोलत नाहीत. खिचडी पुन्हा तीच आहे. डोंगर कधी येईल, येईल की नाही, मला माहीत नाही. यावा असं मला या वेळी वाटत नाही. रिकाम्या घरांवरही नाही.

तीन वर्ग मोकळे होते. तू नववीचा घेतलास. कोणी काही म्हटलं नाही. मी आता नववीला व्हरांड्यात बसवते. मी बाहेर शिकवते, तू आत असतोस. दार ओढलेलं असतं. मी बोलताना तुला ऐकू जातं, हे मला माहीत आहे, कारण परवा मुलं हसली तेव्हा आत तू खाकरलास.

काल मी वाक्यं मागितली. वाटलं, अंकिता म्हणेल, घर कुठे आहे आता आणायला. तिने वही पुढे केली: फादर आस्क्ड व्हिच बेंच.

बाबांनी विचारलं, कुठला बाक?

तू मला विचारलं नाहीस. तिला विचारलंस. तिला माहीत नव्हतं, ती तेव्हा लहान होती, पोरांबरोबर दुसऱ्या वर्गात झोपायची. तिने ते घरून आणलेलं वाक्य म्हणून मला आणून दिलं.

काल दुपारी तू गुरं बघायला वर गेला होतास. वर्ग रिकामा होता. मी आत गेले.

खिडकीपासून दुसरा आणि तिसरा. दोन्ही जोडून. डोकं फळ्याकडे, तोंड खिडकीकडे. शेवटचे चार दिवस ती त्याच कुशीवर होती. मला वाटायचं, माझ्याकडे पाठ करून झोपली आहे.

मी दोन्ही बाक जोडले आणि तिच्यासारखी पडले. उभं असताना व्हरांड्याचा पत्रा आड येतो, खिडकीतून नुसतं मैदान दिसतं. आडवं पडलं की पत्र्याखालून वरचा डोंगर दिसतो. अर्ध्या उंचीवर आंबा. आंब्याच्या डावीकडे आपलं घर.

बाक तसेच जोडून ठेवले आहेत. आज रात्री तिथे पड. उजेड झाला की दिसेल.

आवडी